दाराकडे तोंड करून

बाळूचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. “ताई, आई गेली,” तो म्हणाला. मग जरा थांबून तेच वाक्य पुन्हा, जास्त मोठ्यानं, “ताई, आई गेली.” मला चांगलं ऐकू येतं, एकदा सांगितलेलं पुरतं. पण त्यानं दोनदा का सांगितलं ते मला कळलं, आणि आपण काय केलं ते त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पटकन फोन ठेवला. उरलेले मटार सोलून झाकून ठेवले आणि ऑटो करून हरिशंकरपुरमहून दर्पण कॉलनीला बाळूच्या घरी गेले.

गेली ती माझी काकू. बाळू तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ. मी लहान असतानाच माझी आई गेली, वडील फौजेत, म्हणून मी काका-काकूंच्या घरी वाढले. काकूनं नव्वदी केव्हाच ओलांडली होती. त्या वयाच्या माणसासाठी ऊर बडवायचा नसतो आणि मला तो बडवताही येत नाही. त्याच्या थोडे दिवस आधीच मी तिला भेटून आले होते. तिचा पलंग खिडकीशी लावलेला, बाहेर कडुलिंबाचं झाड, पण बाईचं तोंड कायम दाराकडे. “सुशे, चहा घेतलास?” मी म्हटलं, घेतला. तिनं मान दाराकडे वळवली आणि आवाज चढवून म्हणाली, “सुशे, चहा घेतलास?” दारात कुणी नव्हतं. बाळूची बायको पदरानं हात पुसत आली आणि मला हळूच म्हणाली, “मम्मी हर बात दोन-दोनदा बोलतात, ताई. त्यांना कमी ऐकू येतं ना, तर वाटतं सगळेच बहिरे.” मी मान हलवली. काकूची ही सवय म्हातारपणाची नव्हती. तिची तिशीही उलटली नव्हती तेव्हापासून ती दोनदा बोलत आली होती. पहिल्यांदा समोरच्यासाठी, दुसऱ्यांदा दारापलीकडच्या माणसासाठी. तो माणूस जाऊनसुद्धा आता कितीतरी वर्षं झाली होती…

तेराव्याला बरीच माणसं जमली. जेवणं झाल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक वयस्कर गृहस्थ बोलायला उठले. म्हणाले, या माउलीनं दोन मुलांची शाळा घरात भरवली, आणि स्वतःला हिंदी येत नव्हतं म्हणून त्या मुलांच्या शेजारी तिसरी पाटी घेऊन बसली. राज्य बदललं तर आपणही बदलायला हवं, हे तिचेच शब्द, असंही म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. एका मुलीनं डोळे पुसले. आणि बाळू हात जोडून उभा राहिला नि म्हणाला, “हो, आईनं आमच्याबरोबर पाटी धरली.” मी भिंतीकडे पाहत बसले. कारण ती तिसरी पाटी काकूची नव्हती. ती काकांची होती. हे आज जिवंत असलेल्या दोनच माणसांना ठाऊक आहे, एक मी आणि एक तो हात जोडून उभा असलेला.

आता नीट सांगते. काका इथल्या मराठी संस्थानाच्या दरबारात एका खात्यात होते. त्यांच्या दफ्तरात सगळं मराठीत, तेही मोडीत चालायचं. मोडी म्हणजे हात न उचलता पळवत न्यायची जुनी लिपी. काकांचा हात तिच्यात असा धावायचा की शिपाई लोक बघत उभे राहत. मग विलीनीकरण झालं. दरबार गेला, मध्य भारत नावाचं राज्य आलं, काकांचं खातं दुसऱ्या एका खात्यात मिसळलं आणि सगळा कारभार हिंदीत सुरू झाला. बाजारात भाजी घेण्यापुरतं हिंदी काकांना येत होतं. कागदावरचं येत नव्हतं. नव्या साहेबानं त्यांची एक टिपणी भर दफ्तरात मोठ्यानं वाचून दाखवली आणि कालपर्यंत काकांना मुजरा करणारी पोरं हसली. पुढं हुकूम निघाला की जुन्या लोकांनी हिंदीची परीक्षा द्यायची. पास झाले तर खुर्ची राहील, नाही तर घरी बसायचं. पहिल्या खेपेला काका नापास झाले. घरात ते कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या दिवशी काका दफ्तरातून आले ते पगडी डोक्यावर तशीच ठेवून संध्याकाळभर मधल्या खोलीत बसून होते.

आणि काकूला हिंदी येत होतं. उत्तम येत होतं. तिचे वडील भिंडकडे मास्तर होते, ती हिंदी मुलींत वाढली, हिंदी मिडलची परीक्षा पास झालेली. आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा या हिंदीवरून तिला किती टोमणे मिळाले. “भिंडवाली” म्हणायचे तिला. “आमच्याकडे मराठीत मीठ मागतात हो,” असं एक आत्याबाई जेवताना म्हणाल्याचं मला आठवतं. तेव्हापासून तिनं आपलं हिंदी गिळून टाकलं होतं, शेजारणीशीसुद्धा तुटकं बोलायची. आता तेच हिंदी नवऱ्याची खुर्ची वाचवणार होतं, पण नवऱ्यानं बायकोसमोर पाटी घेऊन बसायचं कसं? मेला असता, बसला नसता.

मी मराठी शाळेत चौथी झाले होते. आमच्या शाळेतले मराठीचे वर्ग बंद होत चालले होते, मुलं हिंदी शाळांत जाऊ लागली होती. काकूनं एक दिवस जाहीर केलं की सुशी आणि बाळू शाळेत जाणार नाहीत, मी त्यांना घरी शिकवणार. गल्लीत सगळ्यांनी तिला नावं ठेवली. पोरांना लाडावते, म्हणे. नव्या शाळेत बामणाची पोरं विटाळतील का, म्हणे. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. रोज सकाळी चुलीपुढं शाळा भरायची. ती कणीक तिंबत तिंबत एक वाक्य सांगायची, आम्ही पाटीवर लिहायचो. मग ती स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा सांगायची, सावकाश, मोठ्यानं. दाराला पडदा. पडद्यापलीकडे मधल्या खोलीत काका पाठ करून बसलेले, हातात वर्तमानपत्र. मांडीवर पाटी. काका खरोखर पेपर वाचत असले की पान उलटल्याचा आवाज यायचा. शाळा चालू असली की पान उलटायचं नाही. त्यावरून आम्हाला कळायचं की तेही शाळेत आहेत. वाक्यं संपली की पडद्याखालून एक पाटी आत सरकायची. काकू कणकेच्या बोटानं चुका पुसायची, दुरुस्त करायची आणि पाटी परत सरकवायची. एक शब्द नाही. बाळू पाच-सहा वर्षांचा, त्याला ही गंमत वाटायची. एकदा तो म्हणाला, “आई, बाबा माझ्याहून जास्त चुकतात.” काकूनं त्याच्या तोंडात लाडवाचा तुकडा कोंबला.

वरच्या मजल्यावर एक सुभेदारणीबाई राहायच्या. बाई कुठंही आवाज न देता शिरायच्या. एका सकाळी विरजण मागायला थेट चुलीपर्यंत आल्या. काकांची पाटी नुकतीच आत आली होती, काकूच्या गुडघ्याशी पडलेली. सुभेदारणीबाईंनी एक, दोन, तीन अशा पाट्या पाहिल्या.

“पोरं दोन आणि पाट्या तीन? ही कुणाची गं?”

पडद्यामागं काका बसलेले होतेच.

“माझी,” काकू म्हणाली.

“तुझी? तू शिकतेस?”

“शिकते. राज्य बदललं, आता आपणही बदलायला हवं ना.”

सुभेदारणीबाईंनी पाटी उचलून डोळ्यांशी नेली. “अगं बाई, हे अक्षर आहे का कोंबडी नाचून गेली? आमचा नातू बरं काढतो.”

“हात वळत नाही हो,” काकू हसून म्हणाली. “डोकंच नाही मला.”

विरजण घेऊन बाई गेल्या आणि दुपारपर्यंत गल्लीला कळलं. टोपी बाजारातून काकूबरोबर चालले की बायका विचारायच्या, “काय मास्तरीणबाई, झाली का बाराखडी?” काकू म्हणायची, “होतेय हळूहळू.” मी तिच्यामागून मान खाली घालून चालायचे. जिला सगळं येत होतं ती अडाणी म्हणून हसून घेत होती, आणि ज्याच्यासाठी घेत होती तो पडद्यामागं ऐकत होता. सुभेदारणीबाई आल्या त्या दिवशी काका न जेवता दफ्तरात गेले. दुसऱ्या सकाळी मात्र पाटी वेळेवर सरकत आत आली. काका हे भित्रे होते असं मी म्हणणार नाही. त्यांना रोज हरायला बसायचं होतं आणि ते रोज बसले.

एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. काकू जी वाक्यं सांगायची ती दफ्तराची होती. परीक्षा काकांची, मग वाक्यंही त्यांचीच. “सविनय निवेदन है कि”, “उपर्युक्त विषय में”, “आवश्यक कार्यवाही हेतु प्रेषित”. मी दहा-अकरा वर्षांची मुलगी, बदलीचे अर्ज लिहायला शिकत होते. हिशेब, भूगोल यांना वेळच उरायचा नाही. काकूलाही ते कळत असणार. म्हणून तिनं काकांकडून एक वचन घेतलं होतं. मी स्वतः ऐकलंय ते, पडद्याच्या या बाजूनं. “तुम्ही पास झालात की दोन्ही पोरं शाळेत जातील. दोन्ही.” काका म्हणाले, “जातील.” ती पुन्हा म्हणाली, “दोन्ही.”

दुसऱ्या खेपेला काका पास झाले. खुर्ची राहिली. घरात पुरण शिजलं. बाळू लहानच होता, मुलांच्या शाळेत दुसरीत सहज बसला. माझं तेरावं चालू होतं. काकू मला मुलींच्या शाळेत घेऊन गेली. काकाही आले, पण आत पुरुषांनी यायचं नाही म्हणून व्हरांड्यात दाराशी थांबले. बड्या बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, गायीवर चार ओळी लिहून दाखव. मी झरझर लिहिलं. अक्षर सुंदर, एक चूक नाही. बहनजींनी कागद घेतला आणि वाचायला लागल्या. “सेवा में, श्रीमान। सविनय निवेदन है कि गाय एक पालतू पशु है। अतः श्रीमान से प्रार्थना है कि…” त्यांना पुढं वाचवेना. त्यांनी शेजारच्या बाईंना दाखवलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वाईट बायका नव्हत्या त्या, मीही आज कुणाचा असा कागद पाहिला तर हसेन. मग अपूर्णांक विचारले. मला आले नाहीत. भिंतीवर नकाशा होता. म्हणाल्या, “अच्छा बेटी, मध्य भारत दिखाओ, जहाँ तुम रहती हो.” मी नकाशापुढं उभी राहिले. बोट उचललं आणि ते कुठं ठेवायचं ते मला कळेना…

“इसको पढ़ाया किसने?” बहनजींनी विचारलं.

“मैंने,” काकू म्हणाली.

“आपने तो बच्ची को बाबू बना दिया, बहनजी.”

“मुझे इतना ही आता था,” काकू म्हणाली. आणि मग मान वळवून, दाराकडे तोंड करून, मोठ्यानं, “मुझे इतना ही आता था।”

पहिलं वाक्य बहनजींसाठी होतं. दुसरं कुणासाठी होतं ते मला तेव्हाही कळलं. दाराबाहेर काकांची सावली फरशीवर पडली होती. ती हलली नाही. त्यांनी आत येऊन एवढं म्हटलं असतं, की हे सगळं माझ्यासाठी झालं, मुलीचा दोष नाही, तर बहनजींनी काही वाट काढली असती. निदान मला असं वाटतं. ते आले नाहीत. बहनजी म्हणाल्या, तिसरीत बसावं लागेल. घरी आल्यावर काका म्हणाले, “तेरा वर्षांची घोडी तिसरीत बसणार? लोक काय म्हणतील? तू घरी शिकवलंयस की तिला. मुलीला तेवढं पुरे.” काकूनं त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर काकांना मान वर करता आली नसती. जन्मभर सगळं दोनदा बोललेली बाई त्या दिवशी एकदाही बोलली नाही. मग उठली आणि भाताला आधण ठेवलं.

तर अशी मी चौथी पास. कुणी शिक्षण विचारलं की अजून मान खाली जाते. मी काकूवर रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. नवऱ्याची लाज राखता राखता पोरीच्या वाट्याला काय येतंय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणून तर वचन घेतलं होतं. पण तिच्याकडे झाकायला पदर एकच होता आणि तो तिनं एकावर घातला. पुढं माझं लग्न इथंच झालं. राज्य पुन्हा बदललं, मध्य प्रदेश झाला, दफ्तरं भोपाळला गेली आणि त्यांच्याबरोबर बदली होऊन काकाही गेले, काकू इथंच राहिली. माझी पहिली मुलगी रांगायला लागली तेव्हा काकू एक दिवस नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या सासरी आली. तिनं तो माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि म्हणाली, “बस. बघ.” आम्ही दोघी नकाशासमोर बसलो. मी म्हटलं, “काकू, मध्य भारत कुठाय यात?” ती शोधायला लागली आणि मग थांबली. नवा नकाशा होता, मध्य भारत त्यात राहिलाच नव्हता. ज्या राज्यावर मला बोट ठेवता आलं नाही ते राज्यच मोडीत निघालं होतं. आम्ही दोघी हसलो. मग ती एकदम हसायची थांबली आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन म्हणाली, “हिला शाळेत घाल.” आणि लगेच पुन्हा, दाराकडे पाहून, “हिला शाळेत घाल.” दाराबाहेर माझी सासू तांदूळ निवडत होती. तिनंही ऐकलं. माझ्या तिन्ही मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या. काकूनं माझी माफी मागितली असं कुणी म्हटलं तर ती एवढीच.

तेराव्यानंतर मी हे लिहायला घेतलं, वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवायचं म्हणून. बाळूला सांगितलं. तो आता स्वतः रिटायर्ड, पांढऱ्या मिशांचा माणूस. म्हणाला, “ताई, रहने दे. बाबांचं नाव कशाला मधे आणतेस? आईनं जन्मभर झाकलं, तू उघडं करणार?”

“आणि ती अडाणी म्हणून गेली त्याचं काय? तू हात जोडून सांगितलंस तेराव्याला.”

“तिनंच तसं ठरवलं होतं ना. तिची मर्जी होती. आपण कोण?”

काकूला विचारलं असतं तर तिनं हे कागद चुलीत घातले असते, हे मला ठाऊक आहे. मी एवढंच म्हटलं, “वाचून दाखवते, मग सांग. नको म्हणालास तर पाठवणार नाही.” तो म्हणाला, “मला ऐकायचंच नाही,” आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, खुर्चीत पाठ करून बसला. दोन खोल्यांच्या मधल्या दाराला त्याच्या बायकोनं फुलाफुलांचा पडदा लावलाय.

मी काकूच्या पलंगावर बसले. गादी गुंडाळून ठेवलेली, नुसती फळी. कागद चष्म्यासमोर धरले आणि पहिलं वाक्य वाचलं. मग दाराकडे तोंड केलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, मोठ्यानं. दुसरं वाक्य, मग पुन्हा दुसरं. घसा कोरडा पडत होता, वेळ लागत होता. बाळूची बायको चहा घेऊन आली, मला पाहून तशीच परत फिरली. पाट्यांचं आलं, सुभेदारणीबाईंचं आलं. बहनजींपाशी आले तेव्हा मला वाटलं, आता तो उठून जाईल, आणि गेला तर कागद फाडून टाकायचे. मी काकूचं ते वाक्य वाचलं, “मुझे इतना ही आता था.” मग दाराकडे तोंड करून पुन्हा वाचलं. पडद्याखालून त्याच्या चपला दिसत होत्या. मी कान देऊन ऐकत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.